पासपोर्ट साइज

गड्डीगोदाम चौकात माझा स्टुडिओ, आठ बाय अकरा.
एक स्टूल, दोन छत्रीदिवे,
मागे पांढरा पडदा. महिन्यातून एकदा धुतो, नीळ देऊन.
एकतीस वर्षं झाली, या शहराला मी गोरं करतो आहे.

आधी ब्रशनं, मग कापसाच्या बोळ्यानं,
आता माऊसनं.
मुलीची आई पाकिटावर लिहून घेते : ‘थोडं उजळ’.
काळी कुणी म्हणत नाही आमच्याकडे.
सावळी, निमगोरी, गव्हाळ...
गव्हाच्याही इतक्या जाती नाहीत, बाप्पा, कळमन्याच्या बाजारात.

चिकोंडी फिरी आला तेव्हा लाईन नुकतीच आली होती.
मलावीचा. फार्मसीचं दुसरं वर्ष.
परदेशी नोंदणीला आठ फोटो :
मागे पांढरं, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
मी रोजच्यासारखं बटन दाबलं.
स्क्रीनवर पडदा आला,
कॉलर आली, कॉलरचा उसवलेला टाकाही आला.
चेहरा आला नाही.

‘हलला का तू?’
‘नाही,’ तो म्हणाला, हिंदीत,
‘सगळीकडे असाच येतो. सदरवाल्यानं पैसे परत केले.’
तक्रार नव्हती त्यात.
कांद्याचा भाव सांगावा तसं सांगितलं.

(त्याच स्टुलावर मागच्या आठवड्यात ललरिनपुई होती,
धंतोलीच्या दवाखान्यात रात्रपाळीची नर्स.
मी तीनदा म्हणालो, डोळे उघड पोरी.
चौथ्या वेळी ती मराठीत म्हणाली,
‘काका, उघडेच आहेत.’)

मग मी दिवे जवळ ओढले.
थर्माकोलचा तुकडा त्याच्याच मांडीवर दिला, धर म्हटलं.
पडद्यावरचा दिवा मालवला.
पडदा करडा पडत गेला
आणि चेहरा हळूहळू वर आला, विहिरीतून घागर यावी तसा :
डाव्या भुवईत जुनी खोक,
कानशिलापाशी तांबूस, गालाखाली जांभळट,
आणि ओठांच्या कडेला दाबून ठेवलेलं हसू.
एवढे रंग. मी आजवर एका शब्दात उरकले होते.

हजेरीत माझं नाव प्रल्हाद नंदनवार.
वर्गात ‘डांबर’.
माझ्या लग्नाचा फोटो मीच उजळला.
मुलीकडचे बघायला आले तेव्हा आईनं
बैठकीतली ट्यूब बंद ठेवली होती, चोक गेला म्हणून.
बायको अजून विचारते,
फोटोतला तो कोण होता, आणि आला का नाही?

फोटो कापता कापता विचारलं, राहतोस कुठं?
‘चौथी खोली चालू आहे.
मालक म्हणतात आम्हाला चालतं, शेजाऱ्यांना चालत नाही.
शेजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, मालकाला विचार.’
मी कात्री खाली ठेवली. पुन्हा उचलली.
वरच्या माळ्यावर माझी एक खोली रिकामी होती.
तेव्हा मी काहीच बोललो नाही.

ऑफिसातून फोटो परत आले. मागे पांढरं नाही.
रात्री बसून चेहऱ्याची कड केसाकेसानं कापली,
पांढऱ्यावर ठेवली.
आठ त्याला दिले. नववा शोकेसमध्ये लावला,
एक नवरी आणि एक जावळाचं बाळ, त्यांच्या मधोमध.
नवरीच्या मामानं सांगून पाहिलं, जरा बाजूला घ्या ना.
हो म्हणालो.
टेप फार चिकटली होती, असं नंतर कारण दिलं.

मग मे.
आमचं ऊन माणसाला भाजून काळं करतं
आणि काचेतल्या फोटोंना पांढरं.
आधी नवरीचं नाक गेलं. मग बाळाची टाळू.
जून लागता लागता सगळी काच फिकट निळी,
कोण कुणाचं, सांगता येऊ नये.
मधे फक्त एक चेहरा, भुवईतल्या खोकेसकट शाबूत,
समोर बसची वाट पाहणाऱ्यांकडे बघत.

‘हा कोण?’ गिऱ्हाईक विचारतं.
‘वरच्या माळ्यावर राहतो,’ मी म्हणतो.
‘बसा. मान सरळ.’
आणि आधी पडद्यावरचा दिवा मालवतो.