वर्म

रात्री साडेअकराला कळमन्याहून फोन आला,
मिरचीचे अडते, गिरडकर शेठ:
"आमी काहीच उघडलं नाही हो. ना मेल, ना फोटो.
मशीन आपल्या आपणच मरगळून रायली."

खरं सांगत होते.
याला कुणी काही उघडून द्यावं लागत नाही.

मे महिना. कूलरचं पाणी संपलेलं,
कोरड्या ताटीतून नुसती गरम हवा, तिच्यात तिखट.
शिंकत शिंकत जिन्याखालचं कपाट उघडलं
तर आत स्विच, चोवीस दारांची चाळ,
आणि सगळे हिरवे दिवे एकदम लुकलुकत होते.
तोलाईवाले घरी गेलेले, हमाल गोण्यांवर आडवे,
मग हा लिलाव कुणाचा चाललाय एवढ्या रात्री?

तो आकडे मोजतो.
पत्ता म्हणजे त्याच्या लेखी आकडाच.
दहाच्या दारावर थाप. अकराच्या. बाराच्या.
कडी घट्ट असली तर निमूट पुढे,
शिवी नाही, कंटाळा नाही.
कडी सैल असली की आत जाऊन
आधी स्वतःसारखाच एक लिहून काढतो.
मग दोघे मोजतात.
चहा सांगून तो येईपर्यंत
मोजायला आकडे उरत नाहीत.

आवारात एक गोणी उसवली
तर या टोकाचा शिंकतो, त्या टोकाचा डोळे पुसतो.
पण मिरची मिरचीला जन्म देत नाही,
एवढा तरी तिचा मोठेपणा.

"नाव काय म्हणता याचं?"
"वर्म."
"बरोबर हाय. वर्म सापडलं का माणूस खलास."
मी हसलो. तेव्हा हसलो.

काट्याला जोडलेलं मशीन शेवटी सापडलं,
बारदानाच्या ढिगामागे,
कपाळावर शेंदराचं स्वस्तिक,
गळ्यात मागच्या दिवाळीचा झेंडू, वाळून तपकिरी.
दर लक्ष्मीपूजनाला याला हळदकुंकू.
अपडेट मात्र चार वर्षांत एकही नाही.
धूळ पुसली. खाली चिकटवलेला कागद:
'अपडेट करू नये.' आणि सही.
सही माझी.

आठवलं. त्या दिवशी अपडेटनंतर
तोलाची पावती निघेना,
गाड्या फाटकापर्यंत उभ्या, शेठ लाल,
आणि मी भोक तसंच ठेवून पावती चालू करून दिली.
वाहवा झाली होती. समोसे आले होते.

प्रज्ञा गजभिये, ऑपरेटर, कोपऱ्यातून म्हणाली,
आवाज न चढवता:
"भाऊ, ते पिवळं तिकोण येऊन रायलं म्हणून
दोनदा फोन केला होता मी तुमाले.
तुमीच म्हणाले, क्रॉस करून टाक."

मी वायरी काढायला घेतल्या.
एक काढली, एक दिवा विझला.
तेविसावी काढली तरी एक चालूच होता,
एकटाच थापा मारत.
तोही काढला.
मग अंधारात फक्त शिंका.

गाडीची किल्ली काढायला खिशात हात घातला
आणि हात तिथेच राहिला.
किल्लीच्या कडीला पेनड्राइव्ह.
सोमवारी इथेच, याच काट्याच्या मशीनला लावलेला.
तिथून इतवारीत, डाळवाल्यांच्या गादीवर.
मंगळवारी हिंगण्याला, नटबोल्टच्या कारखान्यात.
बुधवारी कामठीच्या शाळेत, दहा मशीन.
काल नंदनवनला, भाचीच्या प्रोजेक्टसाठी.
आठवड्याचा माझा रस्ता
त्याच्या रस्त्यासारखाच निघाला, पाटी माझी, पेट्रोल माझं.

पहाटे तीनला बहिणीला उठवलं.
"काहून? कोणी गेलं का?"
"नाही. कम्प्युटर चालू आहे?"
"चालूच असते. पोरगी काही तरी लावून झोपते."
"त्याची वायर काढ. आत्ता."
चपलांचा आवाज. दार. पंख्याची घरघर.
"कोणती रे?
इथं तर साऱ्या सारख्याच दिसून रायल्या."