झाकण

टँकर आला दोन दिवसांनी.
तोवर आम्ही अकरा गाड्या
एकुलत्या एका पंपाभोवती वारा खात उभ्या:
लोकरीचा ट्रक, मेंढ्यांचा डॉक्टर,
तीन मोटारसायकलवाले ज्यांना दाढीतली माती निघत नव्हती,
आणि आमचं हे चाकांवरचं घर,
ज्यातली शेवटची अंडी
मी काल रात्री सगळ्यांना तळून वाटली.

सेफेरीनोने हात केला, या.
मी गाडी पुढे घेतली, उलट्या अंगाने.
"बाई, टाकीचं तोंड पलीकडे आहे."
छत्तीस वर्षं हिच्यात स्वयंपाक केला
आणि हिचं तोंड कुठल्या कुशीला
ते मला ठाऊक नव्हतं.

डिझेल हे फेर्मीनचं खातं.
मी आत असायची, येर्बाचं पाणी तापवत.
पातागोनियातले सगळे पंप मला कानांनी माहीत:
किल्ली झाकणात तीनदा कुरकुरते,
नळी पत्र्यावर आपटते,
मग पलंगाखाली, नेमकं माझ्या उशाखाली,
कुणीतरी घटाघटा प्यायला लागतं
आणि आवाज बारीक होत वर चढतो,
कुठलंही भांडं भरताना चढतो तसा.
मी आतून ओरडायची, झालं!
तो बाहेरून, थांब, फेस आहे.

एप्रिलपासून त्याचे हात थरथरतात.
डॉक्टरने त्याला एक नाव सांगितलं.
ते नाव आम्ही घरात वापरत नाही.

सेफेरीनो एकटा. एका हातात वही,
दुसऱ्या हाताने वहीची पानं वाऱ्यापासून धरलेली.
"नळी तुम्हीच धरा.
गाडीमागे साठ लिटर, मागच्यांनाही पुरलं पाहिजे."
नळी जड होती. झोपलेलं पोर
कडेवर असतं तशी जड.
काटा कधीचाच अर्ध्यावर मेलेला,
म्हणून खिडकीची काच सरकली
आणि विलोची काठी बाहेर आली,
चाकूने खाचा पाडलेली.
तिचं टोक हलत होतं.
वाऱ्याने, असं मी ठरवलं.

मग फेस.
दूध वर येतं तसा, पण दुधाची दया नाही त्याला.
बुटावर, स्कर्टवर, मनगटातल्या घड्याळावर.
लोकरीचा ट्रकवाला हसला नाही,
हे त्याचे उपकार.
"थांबायचं," सेफेरीनो म्हणाला,
"बसतो तो. आपण फक्त थांबायचं."
मी थांबले. जाळीच्या पडद्यामागे
फेर्मीनही थांबला होता,
ओठ हलत होते त्याचे,
मला वाटलं, लिटर मोजतोय.

काठी सहाव्या खाचेपर्यंत ओली.
पैसे दिले, सही केली,
मेंढ्यांच्या डॉक्टरने पुढची वाट दाखवली
जणू वाटा दोन होत्या.

पन्नास किलोमीटरवर वास आला.
उतरून पाहते तर टाकीचं तोंड उघडं,
आकाशाकडे आ वासून.
झाकण तिथेच, पंपाच्या डोक्यावर,
किल्लीसकट.

"तू पाहिलंस?"
"पाहिलं."
"आणि बोलला नाहीस?"
तो बराच वेळ कप पुसत राहिला, कप कोरडा होता.
"गाडी नवी होती तेव्हा मीही विसरलो होतो.
तू खिडकीत होतीस."
"मी कांदा चिरत होते," मी म्हणाले.
हे अर्धं खरं आहे.
कांदा होता.

त्याने बूट काढला, मग मोजा,
राखाडी, टाचेला मी रफू केलेला.
गुंडाळी त्यानेच केली. वेळ लागला.
मी हात पुढे केला नाही.
टाकीच्या तोंडात बसला मोजा, घट्ट,
वरून बुटाची नाडी.

"पुढच्या गावात झाकण मिळेल?"
"नाही मिळणार," तो म्हणाला,
आणि दुसऱ्या पायाकडे बघितलं.