खाकीचं धुणं

बारा वर्षं पोलिसाची खाकी धुतली,
मग बावीस वर्षं बंबवाल्याची.
रंग तोच, साबण तोच,
मागच्या दारी न्हाणीजवळचा धोंडाही तोच.
वास तेवढा बदलला.

यांनी घरी कधी काही सांगितलं नाही.
शर्ट दोणीत बुडवायच्या आधी
मी एकदा नाकाशी धरायची.
काजूचा डोंगर पेटला की गोडसर करपट,
हुर्राकाची भाटी फुटली की घशात शिरणारा.
भंगाराचं गोदाम म्हणजे
तीन पाण्यांतही न जाणारं प्लास्टिक.
आणि कुळागरातल्या विहिरीतून म्हैस काढली त्या दिवशी
शेवाळ, चिखल,
खिशात कुणी कोंबलेल्या चार ओल्या सुपाऱ्या.

पोलिसातल्या शर्टांना एवढं बोलता येत नसे.
घाम, जीपचं पेट्रोल,
जत्रेच्या बंदोबस्ताची धूळ.
एकदाच,
खाणीच्या रस्त्यावर बायका आडव्या झोपल्या होत्या त्या दिवशी,
बाहीवर तांबडी माती आली
आणि त्या मातीत पाच बोटं.
बारीक. बांगड्यांच्या हाताची.
कुणाची म्हणून विचारलं.
हे म्हणाले, धू.
मी घासलं. माती गेली.
रात्रभर हे सोप्यावर बसून राहिले
आणि महिन्याभरात बंबाचा फॉर्म भरून आले.
पगार थोडा कमी. सासूबाई सोडून
घरात कुणी बोललं नाही.

पुढे देवळात कुणी विचारलं, फरक काय रे दोन्हींत?
हे म्हणाले, तेव्हा मी पोचलो की लोक पळायचे.
आता मलाच विचारतात, इतका वेळ कुठे होतास?

नोकरीतल्या शेवटच्या मार्चात
सत्तरीतला वरचा डोंगर तीन रात्री जळत होता.
कायतानने बंब नेला, चाक चढतं तिथवर.
पुढे चालत,
ओल्या फांद्यांनी झोडपत.
चौथ्या सकाळी शर्ट माझ्याकडे आला.
काजू होता त्यात, किंदळीचा पाला होता,
शिवणीत अडकलेलं रानकोंबडीचं जळकं पीस होतं.
आणि खाली, अगदी खाली,
डिझेल.

मी भिजवला नाही.
जेवताना म्हटलं, डोंगराला डिझेल कोण घालतं हो?
यांचा घास हातातच राहिला.
अहवालावर 'कारण अज्ञात' लिहून झालं होतं,
साहेबांची सही व्हायची होती.
हे अर्ध्या ताटावरून उठले,
तो शर्ट पिशवीत घातला
आणि दुपारच्या बसने वाळपईला ठाण्यात गेले,
जिथे एके काळी यांचंच स्टूल होतं.
स्टुलावरचा म्हणाला, सोयरूदादा, धुणं घेऊन इकडे कुठे?

पंचनामा झाला. शर्ट जमा झाला.
पुढचं विचारू नका.
डोंगराला आता कुंपण आहे,
फाटक आहे, फाटकावर बाहेरगावचा रखवालदार आहे.
शर्ट कुठल्याशा कपाटात असेल, चिठ्ठी लावून.
माझ्या हातून न धुतलेला तो एकच.

आता हे घरी असतात.
इतक्या वर्षांच्या धुराने नाक गेलं.
डॉक्टर म्हणतात, यायचं नाही परत.
सुकं बांगडं काय, सुरंगी काय, सारखंच.
परवा हुमण करपलं
आणि हे चुलीपासून दोन हातांवर पेपर वाचत होते.
मी पोरसातून ओरडले, आग!
तसे उठले,
एकाच पायात चप्पल, चष्मा खाली,
भरलेली कळशी सरळ चुलीवर.
हुमण गेलं. राख छपरापर्यंत.
मला हसू आवरेना, यांना राग आवरेना.

संध्याकाळी तो शर्ट धुवायला घेतला,
सवयीने नाकाशी धरला.
राख होती थोडी. मिरचीच्या वाफ्यातली माती.
आणि आणखी एक वास,
नुसत्या माणसाचा.
ओळखायला मला जरा वेळ लागला.