चार हात लांब

कामाच्या वहीत मी लिहिलं:
भांडुप, द्रुतगती मार्गाची पूर्वेकडची कड,
वळणापासून पुलापर्यंत. गवत कमरेइतकं.
तक्रारदार: गृहसंकुलाचे चिटणीस, श्री. बिवलकर.
तक्रार: साप, डास, आणि ‘दिसायला बरं दिसत नाही’.
उपाय या रकान्यात माझ्या आधीच्याने
वर्षानुवर्षं एकच शब्द ठेवला होता, फवारणी.
मीही तोच खाली उतरवला.

पंप आला. कॅन आला.
हातमोजे आले, दोन्ही डाव्या हाताचे.

बारकी उंबरसाडा पंपाला हात लावेना.
आरेतल्या पाड्यावरून येते,
एकोणीस वर्षं खात्यात, अजून हंगामी.
म्हणाली, मॅडम, हितलं पानी कुठं जातं?
गटारात, मी म्हटलं.
आनि गटार?

हे मला परीक्षेत विचारलं नव्हतं.

मग आम्ही गटाराच्या मागोमाग चालत गेलो,
झाकणं मोजत, सतरा, त्यातली चार गायब,
रस्त्याखालच्या पाइपातून पाणी पलीकडे निघालं
तसे आम्हीही वळसा घालून निघालो,
तिवरांपर्यंत, जिथे बूट काढावे लागतात.
हिरोजी वैती चिखलात खांद्यापर्यंत हात घालून
निवट्या शोधत होता.
गेल्या ऑक्टोबरात तुमचे पंपवाले आले, तो म्हणाला,
दुसऱ्या दिवशी सर आली मोठी.
मेले की गेले, देवाला ठाऊक.
भोकं तेवढी राहिली.
मी साक्षीपुरावा मागणार होते.
त्याने रिकामी मूठ उघडून दाखवली, चिखलाची.

परतताना गवत पहिल्यांदा जवळून पाहिलं.
गवत नव्हतंच ते एकटं.
कुर्डूचे गुलाबी तुरे, एकदांडीची पिवळी बटणं,
केना, जो निळा उघडतो आणि ऊन चढलं की मिटतो
सरकारी कचेरीसारखा.
आणि पुलाच्या भिंतीच्या भेगेत
मेणाची नळी, करंगळीपेक्षा बारीक,
तिच्या तोंडाशी पोयाच्या माश्या,
तांदळाच्या कणीएवढ्या, ये-जा, ये-जा,
मागच्या पायांवर पिवळं ओझं.
वरून कंटेनर जात होते. भिंत थरथरायची.
त्यांचं काम थांबत नव्हतं.

बिवलकरांना भेटायला गेले.
गच्चीवर काकडीचा वेल दाखवला त्यांनी, कौतुकाने.
म्हणाले, फुलं भरपूर, पण गेल्या वर्षी
दोनच काकड्या धरल्या. खत कमी पडलं असेल.
मी कठड्यावरून खाली पाहिलं,
भेगेपासून वेलापर्यंत
जेमतेम दगड फेकायचं अंतर.
काही बोलले नाही. चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी विळे निघाले.
वळणावर अगदी खालून कापलं,
बसवाल्याला समोरचं दिसायला हवं.
फूटपाथच्या कडेला दोन हात, चिटणिसांसाठी.
टणटणी मुळासकट, हाताने, बारकीच्या शिव्यांसकट.
कापलेलं गोणीत भरून वर आणलं,
गटारात कुजायला एक काडीसुद्धा नाही.
मागचं उभं ठेवलं, बी गळेपर्यंत.
आणि गटारापासून चार हात
कुणी जायचं नाही, पंप तर नाहीच.
खुणेला बारकीने बांबूवर
तिच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली.

वहीवर वरून शेरा आला: काम अपूर्ण. खुलासा करावा.
तीनदा लिहिला, तीनदा फाडला.
‘माश्या’ म्हटलं की लोक फिनेल पाठवतात.
शेवटी लिहिलं: कापणी दोन टप्प्यांत,
दुसरा टप्पा बी पडल्यावर.
सही. तारीख.

कॅन भांडारात परत न्यायला गेले.
भांडारपाल म्हणाला, द्यायचा फॉर्म आहे,
परत घ्यायचा फॉर्मच नाही.
आता तो माझ्या कचेरीच्या कोपऱ्यात आहे, सीलबंद.
खोली लहान.
तरी खुर्ची मी त्याच्यापासून
मोजून सरकवली आहे.