बारा नंबर

शनिवारी रेडिएटर रिकामा केला.
हिरवट पाणी टपात, मांजरांनी पिऊ नये म्हणून
वर फुटकी परात.
वॉटर पंपाचे पाच बोल्ट ऐकण्यातले निघाले.
सहावा, सगळ्यात खालचा,
बोटांना दिसतो, डोळ्यांना नाही.

रबाळ्याचा गॅरेजवाला आठ हजार म्हणाला होता,
वर सल्ला फुकट : मॅडम, देऊन टाका ही कुणाला तरी.
सोळा वर्षांची आहे. घणसोलीत
सोळाव्या वर्षी इमारतीसुद्धा म्हाताऱ्या दिसतात.
खाडीची हवा कुणाला विचारून शिरत नाही,
बिजागरीत, कुलपात,
आणि इथे, या एका बोल्टच्या आट्यांत.

रात्रभर डिझेलची चिंधी गुंडाळून ठेवली.
सकाळी बारा नंबरचा पाना लावून जोर केला :
गाडी हलली, मी हलले,
बोल्ट नाही.

सात वर्षांपूर्वी कुणीतरी हा आवळला.
त्याचं नाव बिलावर नाही.
नवा पोरगा असेल, घाबरट,
सैल राहिला तर शिव्या बसतील म्हणून
अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून मोकळा झालेला.
आता कुठेतरी वडखळच्या बाजूला
पोट सुटलेलं, स्वतःचं दुकान, ट्रकचे टायर बदलत असेल,
आणि त्याच्या मनगटाचा तो एक झटका
इथेच राहिलाय,
माझ्या मनगटाशी भांडत.

पद्माकर भोईर खाली आले.
इमारत त्यांच्याच साडेबारा टक्क्यांवर उभी,
आम्ही भाडेकरू.
(माझ्याकडे बारा, तुमच्याकडे साडेबारा, मी म्हटलं.
हसले नाहीत.)
हातात दोन फुटांचा पाइप.
बेलापूर रोडच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं फिटर.
कारखाना गेला, तिथे काच आली,
काचेच्या आत कोण काय करतं त्यांना ठाऊक नाही.
पाइप तेवढा तिथला.
"चोरला नाय," म्हणाले,
मी विचारलेलं नसताना.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी हात आत घातला,
बिळात निवटी शोधावी तसा,
तोंड भलतीकडे, लक्ष सगळं बोटांत.
"कोपरं शाबूत हान. आदी आवल."
आवळू? मी तर सोडवायला बसलेय.
"आदी आवल जरासा. मंग सोर. त्याला कलू दे."

काय कळू दे, ते विचारायचं राहिलं.

डोक्यावर हातोडीचे चार ठोके.
पाना, पान्यावर पाइप,
आणि ज्या दिशेला माझं काहीच काम नव्हतं
त्या दिशेला केसभर दाबलं.
तांबडी भुकटी पडली थोडी. बाकी काही नाही.
मग इकडे. गुडघा बंपरला टेकवून,
दात आवळून, अजून, अजून जरा—

कट्ट.

हे काम केलेल्याला हा आवाज माहीत असतो.
सुटला तरी हाच,
तुटला तरी हाच.
हातातला पाइप एकदम हलका, पोटात खड्डा.
लिफ्ट दरवाजा बंद करा म्हणत राहिली,
कुणीतरी सायकल ढकलत मधून गेलं.
भोईर माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे.
"तुटला का सुटला?"

मी बोटं घातली.

फिरत होता. कुरकुरत, अर्धा अर्धा आटा,
झोपेतून उठवलेल्या माणसासारखा.
तळहातावर आला तेव्हा गरम होता,
करंगळीच्या दोन पेरांएवढा.
एवढ्याशासाठी शनिवार-रविवार.

पुढच्या आठवड्यात पंप नवा बसवला, बोल्ट जुनाच,
तारेच्या ब्रशने घासून, आट्यांना ग्रीस.
भोईर रंगाच्या डब्यावर बसून बघत होते.
आवळता आवळता मी थांबले.
पाना अजून पाव फेरा घेईल
हे मनगटाला कळत होतं.
"बास?" त्यांनी विचारलं.
बास.
गळलं तर टप आहेच.