बावीस चकत्या

बू मिशअल शुक्रवारी नमाजानंतर येतात,
सुरी टॉवेलात गुंडाळून,
न्हाऊ घातलेलं लेकरू आणावं तशी.
हवल्लीतलं माझं दुकान तळघरात.
इथं टाचा बसतात, चेना बसतात, बॅगांचे पट्टे,
आणि महिन्या-दोन महिन्यांनी
एखादी ऐंशी वर्षांची, लढाईतली.

'सातपुते, बघ,' म्हणतात, आणि सुरू होतात.
मला अरबी कामापुरती, त्यांना हिंदी दुकानापुरती,
पण सुरीवर बोलताना दोन्हींत अडत नाहीत.
ही पात्यातली पन्हळ रक्तासाठी नाही,
ते सिनेमावाले सांगतात. वजन घटावं म्हणून.
ठसा आधी पात्यावर मारायचे, मग आडव्या पट्टीवर.
बोंडी जाड असली की सुरुवातीची.
सारख्याच दिसतात की सगळ्या,
असं मी एकदा बोलून गेलो
तेव्हा चहा तसाच ठेवून निघून गेले.

त्यांचा दोस्त रोडेल, दवाखान्यात एक्स-रे काढतो.
रात्रपाळीला एका सुरीचाही काढला त्यानं,
फिल्म माझ्या ट्यूबलाइटला लावून दाखवली:
मुठीच्या आत उंदराच्या शेपटागत एक बारीक सळई,
तिच्यात ओवलेल्या चामड्याच्या चकत्या.
दोघं असे बघत राहिले
जसं आत काहीतरी हलणार होतं.

पोलाद टिकतं. कुजते मूठ.
इथल्या उन्हानं चामडं आकसतं,
चकत्या सुटतात, हलवली की खुळखुळतात,
तेव्हा लढाई संपलेली सुरी
चांभाराकडं येते.

मी बोंडी काढली, चकत्या एकेक उतरवल्या,
वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या. बावीस.
सगळ्या साच्यातून पडलेल्या, काळ्या, गुळगुळीत.
चौदावी तांबूस.
तिची कड हातानं कापलेली, जरा डावीकडं झुकती,
आणि काठाशी आरीची दोन भोकं.
कुणाच्या तरी बुटाचा तळवा होता तो.
कुठल्या छावणीत, कुणी बसून कापला,
अंधार होता की काय,
कारण भोकं चुकवायची असतात, त्याला चुकवता आली नाहीत.

बू मिशअलांनी भिंग लावलं.
बराच वेळ लावून ठेवलं.
मग म्हणाले, किंमत निम्मी.
काढ ती. तुझी घाल.

माझ्याकडं गावाकडचं चामडं असतं,
बाभूळ-हिरड्यात मुरलेलं, वास अजून जात नाही.
रापी घेतली. बापाची.
ती त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिली,
हातातून काढून घेतली, उलटसुलट केली,
ठसा शोधला.
'कुठल्या सालची?'
झिजून एवढीशी झाली, तेवढ्या सालची, म्हटलं.
मूठ? मुठीला चिंधी, दर दिवाळीला नवी.
त्यांना हसू आलं नाही.
अंगठ्यानं धार बघितली, रक्त आलं,
तेव्हा कुठं मान डोलावली.

'मी घालीन ती तरी कुठं मूळची?'
असं मी रापी परत घेताना बोललो.
भांडायला नव्हे. खरंच विचारत होतो.
ते उठले, सुरी तशीच उघडी टाकून गेले,
आठवडाभर ती वर्तमानपत्रावर पडून,
गिऱ्हाइकं विचारायची, मासळी कापता का हो इथं?

पुढच्या शुक्रवारी वही घेऊन आले.
जुन्या दुकानदारांकडं असायची तशी, कापडी बांधणीची,
प्रत्येक सुरीला एक पान, बारीक अक्षर,
कुणाकडून घेतली, काय लागलं, काय बदललं.
म्हणाले, चौदावी राहू दे.
मी चकत्या मेणानं माखल्या, ओवल्या,
दाबून बोंडी बसवली, ठोकली.
आता खुळखुळत नाही.

ते उजवीकडून डावीकडं लिहीत गेले
आणि बोट ठेवून मला वाचून दाखवलं:
चकती चौदा. मोची, नाव माहीत नाही.
जोडणी, हवल्ली, आणि माझं नाव.
अरबीत प नाही.
तेव्हा त्या वहीत, सुरीच्या इतिहासात,
मी सातबुते आहे.