खापर

कोळंबीच्या तळ्यासाठी खारफुटी उपटत होते
तेव्हा यंत्राच्या दाताला लागला.
इदीलिओनं एरवी यंत्र थांबवलं नसतं,
पण दुपार झाली होती, भाजलेल्या केळ्यांचा डबा उघडायचाच होता,
म्हणून उतरला आणि चिखलात हात घातला.

ओंजळीत मावेल एवढा.
एक खांदा, अर्धी मान,
कानाची पाळी, तिला तीन भोकं.
वर हिरवा रंग, उन्हात येताच
पापुद्र्यापापुद्र्यानं सुटू लागलेला;
त्यानं घाईघाईनं थुंकी लावून तो दाबला.
(पुढे संग्रहालयातल्या बाईंनी हे ऐकलं
आणि कपाळावर हात मारून घेतला.)

खांद्यावर एक हात आहे.
तो या मूर्तीचा नाही.
मागून कुणीतरी ठेवलेला,
मनगटापाशी तुटलेला,
आणि त्याला बोटं सहा.

एर्सिलियाबाईंनी त्याच्यापायी
तीन वर्षं चष्म्याच्या काचा पुसल्या.
हिरवा म्हणजे उत्तरेकडच्यांचा,
पण कान असे टोचतात ते दक्षिणेचे.
माती तर दोघांचीही नाही,
तिच्यात कसलीशी काळी वाळू,
होडीनं चार दिवस गेलं तर मिळणारी.
किटोहून पत्र आलं : नक्कल असावी.
दुसरं आलं : नक्कल नसावी.
अखेर त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं,
संस्कृती : अनिश्चित.
काळ : अनिश्चित.
आणि पेन्सिलीनं, खोडता येईल असं,
सहावं बोट : चूक?

फोडायचं तरी कुणाच्या माथी हे खापर?
ना कुळ सांगतं, ना मूळ,
नुसता खांदा पुढे करतं.

मग तो भूकंप.
काचेची कपाटं आधी गेली.
ज्यांना नाव होतं, गाव होतं, शतक होतं
ते सगळे फरशीवर एकमेकांत मिसळले,
राजा आणि वटवाघूळ, पुरोहित आणि शिट्टी.
गोळा करताना कळेना कुणाचं नाक कुणाचं.
हा मात्र सगळ्यात खालच्या खणात,
फुटबॉलच्या जुन्या बातम्यांत गुंडाळलेला,
जसाच्या तसा.
फुटलेल्याचं आणखी काय फुटणार,
पहारेकरी म्हणाला.
तो रडत होता, म्हणून कुणी हसलं नाही.

ताडपत्रीखाली घोंगड्यांवर तुकडे मांडलेले.
इदीलिओची आई, उवाल्दिना, कॉफीची किटली घेऊन
सगळ्यांना वाढत वाढत तिथं आली
आणि किटली हातातच धरून थांबली.
डावा हात पुढे केला.
करंगळीच्या बाजूला एक गाठ, डाळीएवढी.
सुईणीनं तिसऱ्या दिवशी घोड्याच्या केसानं आवळलं होतं,
ती म्हणाली,
आठवड्यात गळून पडलं, नाळेशेजारी पुरलं.
माझ्या आजीचं तर कुणी बांधलंच नाही.
सहा बोटांनी मासे साफ करायची,
लवकर व्हायचे.

चूक कसली, बाई?
ज्याला होतं, त्याचं केलं.

एर्सिलियाबाई काही बोलल्या नाहीत.
हा पुरावा नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं.
या खोऱ्यातून किती जण आले, किती गेले,
देवीच्या साथीत गावंच्या गावं रिकामी झाली,
नंतर कोण कुठून येऊन चुली मांडून बसलं
त्याची वही कुणी ठेवली नाही.
एक गाठ म्हणजे वंशावळ नाही.
कॉफी निवाली.
त्यांनी खिशातून खोडरबर काढलं,
‘चूक’ तेवढं खोडलं,
प्रश्नचिन्ह राहू दिलं.

आता तिथं तळं आहे, कोळंबी पोसते.
रात्री दोनला इदीलिओ पंप सुरू करायला जातो.
बांधावर पोचला की चपला काढून हातात घेतो
आणि पलीकडच्या टोकाला घालतो.
का, असं विचारलं तर म्हणतो,
चिखल असतो.

उन्हाळ्यातही तेच सांगतो.